पाणी लागणार नाही

आमच्या पत्रकातली पहिली ओळ माझी होती. "मोटार चारी बाजूंनी बंद आहे. वारा लागणार नाही, पाणी लागणार नाही!" चिखलीच्या छापखान्यात उभ्या उभ्या लिहिली, ऐन चैत्रात. बाहेर ऊन असं की कुत्री नालीत जाऊन बसलेली. त्या दिवसांत पाणी बघायचं तर विहिरीत वाकावं लागायचं. ते वरूनही पडतं, हे विसरायला झालं होतं. मी ओळ लिहिली, शेवटी उद्गारचिन्ह ठोकलं आणि समाधानानं चहा प्यालो.

पत्रकं लिहीतच मी मोठा झालो. शाळेत असताना दुसऱ्यांची वाटायचो, मग स्वतःची लिहायला लागलो. पत्रकाचे नियम मला पाठ आहेत. वाक्य छोटं ठेवायचं. शंका ठेवायची नाही. शंका ठेवली की लोक नेमकी तीच धरून बसतात आणि बाकीचा कागद फुटाणे बांधायला जातो.

हे पत्रक बाळंतिणींसाठी होतं. आमच्या बाजूला, म्हणजे मेहकरच्याही पुढे सुलतानपुराकडे, बाई अडली की तिला बैलगाडीत घालून थेट चिखलीच्या बायकांच्या दवाखान्यात न्यायचं. रस्ता कसला, काळ्या मातीचा रबडा आणि त्यात उघडे पडलेले दगड. गाडी पोचायच्या आत जे व्हायचं ते होऊन जायचं. लोक याला नशीब म्हणतात. मी म्हणतो, याला रस्ता म्हणा. नागपुरात बसून आम्हा वऱ्हाडवाल्यांचा कारभार हाकणाऱ्या एखाद्या साहेबाच्या मडमेला एकदा त्या गाडीत आडवी घाला, मग खडी पडते की नाही बघा. हे मी पत्रकात लिहिलं होतं, पण आमच्या मंडळाच्या वकीलसाहेबांनी खोडलं. लढाईचे दिवस होते. छापखानेवाल्यालाही मुलंबाळं होती.

रस्ता मिळत नाही तर निदान मोटार मिळवू, असं मंडळानं ठरवलं. एका जिनवाल्या शेटजींनी आपली जुनी मोटार देऊन टाकली. कापडी टपाची नव्हे, बंद मोटार, काचा वरखाली होणारी. फक्त छताचा मधला भाग पत्र्याचा नव्हता, लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेलं काळं मेणकापड होतं. त्या काळच्या बऱ्याच मोटारींचं तसंच असे. ती बरीच वर्षं जिनाच्या पडवीत उभी होती. आत बसलं की सरकीचा वास यायचा. तिच्याबरोबर शेटजींचा म्हातारा ड्रायव्हरही आला. त्याला सगळे चाचा म्हणत. पावसाळ्यात मोटार आमच्या गावी ठेवायची ठरली, कारण दवाखाना सगळ्यांत लांब त्याच बाजूच्या गावांना होता. चाचा आमच्या ओसरीवर राहायला आला आणि मोटार कोठ्यासमोर, बैलांच्या शेजारी उभी राहिली. बैलांना ती आवडली नाही.

हे सगळं मी गावासाठी केलं असं म्हणायची सोय आहे, पण खरं ते खरं. माझ्या डोळ्यांपुढे वहिनी होती.

वहिनीचं पहिलं बाळंतपण घरी झालं होतं. सुईण होती, आई होती, दादा बाहेर ओट्यावर बसून होता. मूल मेलेलं निघालं. वहिनी त्यातून कशीबशी उठली. पुढे एकदा चिखलीला नेऊन दाखवलं तेव्हा तिथल्या नर्सबाईनं दादाला स्पष्ट सांगितलं, पुन्हा दिवस गेले तर घरी करू नका, हिची हाडाची वाट अरुंद आहे. आता पुन्हा दिवस गेले होते आणि महिना श्रावणात भरत होता. श्रावणात! आमच्या घरात कोणाला मुहूर्त साधत नाही.

न्यायचं की नाही हे ठरवणारी आई होती. दादा तिच्यापुढे बोलत नाही, कोणापुढेच बोलत नाही. आई दवाखान्याला भीत नव्हती, ती पावसाला भीत होती. तिची धाकटी बहीण बाळंत झाल्यावर भर पावसात गाडीतून सासरी आली. वाटेत भिजली, घरी येऊन थंडी वाजायला लागली, ती थांबलीच नाही. ओली बाळंतीण आणि वरून ओल, हे दोन शब्द आईच्या कानाला एकत्र सहन होत नसत. अडलेली असो की सुटलेली, तिच्या अंगावर पावसाचा थेंब पडता कामा नये, हा तिचा कायदा.

वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. तिनंच आईला माझं पत्रक वाचून दाखवलं. आईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि पहिल्या ओळीवर परत आली.

"पाणी लागत नाई म्हून लिवलं हाये नं?"

"हाव. छापलं आहे."

"छापलेलं मले नोको सांगू. पाऊस पडू दे. मी आत बसून पाह्यतो. कोरडी राह्यली तं नेजो तुह्या वहिनीले. नाई तं सुईण हाये अन् देव हाये."

मी म्हणालो, "मंजूर." मंजूर म्हणताना माझा आवाज सभेतल्यासारखा चढला होता.

आषाढात पहिली मोठी सर आली तेव्हा मी आईला हात धरून मोटारीत बसवलं. वहिनी दारात उभी राहून बघत होती. चाचानं काचा चढवल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही, फक्त छतावर आवाज. मी आईकडे बघून हसलो. तेवढ्यात तिच्या मांडीवर थेंब पडला, मग माझ्या मानेवर. मग समोरच्या काचेखालून एक ओघळ निघून चाचाच्या पायाशी गेला. आई पाऊस थांबेपर्यंत मुद्दाम बसून राहिली. नंतर उतरून घरात गेली आणि चुलीपुढे लुगड्याचा सोगा वाळवत बसली.

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, बाहीर पाऊस थांबला हो. तुमच्या मोटारीत अजून चालूच हाये."

ते खरं होतं. छतात साठलेलं पाणी आत बराच वेळ टपकत होतं.

मग शोध सुरू झाला. मला वाटलं, ही दोन दिवसांची गोष्ट आहे. गळतंय म्हणजे भोक आहे, भोक आहे म्हणजे सापडेल, सापडलं की बुजवू. पत्रकाच्या वाक्यासारखं सोपं. समोरच्या काचेखालचं सापडलं. काचेची चौकट ज्या रबरावर टेकते ते रबर सुकून विटेसारखं झालं होतं. नवं मिळेना. सगळं रबर पलटणीला जात होतं. चिखलीला, खामगावला विचारून झालं. दुकानदार असे बघायचे की मी सोनं उधार मागतोय. शेवटी चाचानं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि राळ, जवसाचं तेल उकळून केलेल्या लुकणानं चिकटवल्या. तिथला ओघळ थांबला.

वरचं मात्र सापडेना. आम्ही छतावर घागरीनं पाणी ओतायचो आणि मी आत डोकं वर करून बसायचो. घागरीचं पाणी गळत नसे, पावसाचं गळे. घागरीचं पाणी एका जागी पडून वाहून जातं, पाऊस तासभर मुरत राहतो, हे कळायलाही दिवस गेले. बघायला पारावरची मंडळी यायची. प्रत्येकाला गळतीतलं सगळं समजत होतं. आमच्याकडे घरं धाब्याची, सपाट मातीच्या छताची. पावसाळ्यात कोणाचं ना कोणाचं धाबं गळतंच, त्यामुळे गळती हा गावाचा घरचा विषय.

"वरतून एक गोणपाट टाक नं बे."

"गोणपाटानं काय होते? शेण लाव शेण."

"काऊन, मोटार काय चूल हाये का?"

चाचा दात ओठ खाऊन म्हणायचा, "मियाँ, हे गाडीचं छप्पर आहे. हे छप्पर पळते. तुमच्या घराचं पळते का?"

राखेची युक्ती मात्र आईची. म्हणजे तिची एकटीची नव्हे, आमच्याकडच्या कोणत्याही बाईची. धाबं नेमकं कुठे गळतं हे कळलं नाही, की खाली जमिनीवर चाळलेली राख पसरतात. थेंब पडला की राखेत खळगा होतो. सकाळी खळगे बघायचे आणि वर बोट दाखवायचं. आईनं एक दिवस सूपभर राख आणून माझ्यापुढे ठेवली. "पसर आत," एवढंच म्हणाली. मला बरं वाटलं. ज्या बाईला मोटारीत जायचंच नाही, ती राख कशाला चाळेल?

राख पसरली. पाऊस आला. खळगे दिसले. मी वर खडूनं खुणा केल्या, चाचानं बाहेरून त्या जागी लुकण भरलं. पुढच्या पावसात खळगे दुसरीकडे. पुन्हा खुणा, पुन्हा लुकण. छताला आतून कापड होतं. पाणी वर एकीकडून शिरायचं, कापडावरून सरकत जायचं आणि मनाला येईल तिथे टपकायचं. मी चिडून आतलं कापड फाडायला निघालो तर चाचा म्हणाला, "फाडा. मंग छप्पर बी जाईल." छताच्या आतल्या लाकडी पट्ट्या कुजल्या होत्या, नुसत्या त्या कापडाच्या ताणावर उभ्या होत्या. मी हात मागे घेतला.

इकडे वहिनीचे पाय सुजायला लागले होते. ती ओसरीवर बसून माझी धडपड बघायची. टोमणे मारायची, पण पूर्वीसारखे नाही. एकदा मी राखेवर ओणवा असताना तिनं हळूच विचारलं, "भाऊजी, नाई झाली कोरडी, तं आत्याबाई खरंच नाई म्हनतीन का हो?"

मी म्हणालो, "होईल. माझ्यावर सोडा."

मी काय बोललो ते मला तेव्हाच ऐकू आलं. छातीठोक, छोटं वाक्य, शंका नाही. ती उठून आत गेली.

त्याच रात्री जेवताना मी आईशी भांडलो. आपल्या तालुक्यात बाया कशा मरतात, सरकार काय करतं, धर्म काय सांगतो आणि काय सांगत नाही, सगळं बोललो. आई भाकर थापत होती.

"मले भाषण नोको देऊ. मह्या सुनेले मारायची हौस हाये का मले?"

"मग चल म्हण नं!"

"भिजत? एकडाव पाह्यलं मी थे. पुन्हा नाई पाह्यत."

दादा ताटावरून उठला. हात धुतले आणि बाहेर गेला.

सकाळी चाचाच्या ओरडण्यानं जाग आली. "या अल्ला, या अल्ला!" मी धावत गेलो. मोटारीच्या छतावर पांढऱ्या खाऱ्या मातीचा जाड थर होता, कडेपर्यंत, हातानं नीट चोपून बसवलेला. धाब्यावर पावसाळ्याआधी जी घालतात तीच माती. ती पाण्यानं फुगते, घट्ट बसते आणि धाब्याच्या भेगा बुजवते. दरवर्षी दादाच घालतो आणि गावात त्याच्या हातची माती नावाजलेली. तो शेजारीच उभा होता. हात कोपरापर्यंत पांढरे.

"ये मोटर है के घर है बे?" चाचाच्या तोंडून चिडला की हिंदी निघे.

दादा म्हणाला, "गळनार नाई आता."

आख्ख्या त्या दोन महिन्यांत मोटारीबद्दल तो एवढंच बोलला. मी माती खरवडायला फावडं घेतलं होतं, ते खाली ठेवलं. कोणी सांगावं, धाबं टिकतं तर हेही टिकेल. आम्ही तिघांनी मिळून तो थर राहू दिला.

दुपारी पाऊस आला, झोडपणारा. मी राखेवर नजर ठेवून बाहेर बसलो. वरून खळगा नाही! एकही नाही. मी आईला हाक मारणार तेवढ्यात दिसलं की दाराच्या कडेची राख काळी पडत चालली आहे. पाणी वरून येत नव्हतं, खालून येत होतं. दारांच्या बुडातून, उंबऱ्यावरून, चारी बाजूंनी. बघता बघता तळाला तळं झालं आणि राख त्याच्यावर तरंगायला लागली. मी दार उघडायला गेलो तर ते हलेना, इतकं जड. जोर लावून ओढलं तेव्हा आतून डचमळल्याचा आवाज आला, घागरीतून येतो तसा. दाराच्या पोटात पाणी भरलं होतं.

चाचा दाराखाली वाकला आणि बोटानं चाचपायला लागला. "अठी छेद असते," तो म्हणाला. "काचेच्या फटीतून दारात पाणी उतरतेच. या छेदातून खाली निघून जाते. कुठी गेले छेद?"

छेद होते तिथेच होते. दादाची माती पावसानं विरघळून काचांच्या फटीतून दारांत उतरली होती आणि छेदांवर जाऊन घट्ट बसली होती. खारी मातीच ती. तिचं कामच बुजवण्याचं. धाब्याला पन्हळ असते, तिच्यातून पाणी बाहेर पडतं. दादा माती घालताना पन्हळीच्या तोंडाशी वीतभर जागा मोकळी सोडतो, कधी विसरत नाही. मोटारीची पन्हळ दारांच्या बुडात लपलेली असते, हे त्याला कोण सांगणार? मलाही माहीत नव्हतं.

चाचानं तार घालून छेद मोकळे केले. चारी दारांतून पांढरं पाणी भळाभळा निघालं आणि कोठ्यापुढे वाहत गेलं. दादा बैलांच्या दावणीपाशी उभा राहून बघत होता. मी त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं. सभेत मला शब्द कमी पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच छतावरची उरलेली माती धुऊन काढली, फडक्यानं, मोटारीच्या अंगाला ओरखडा न पडू देता. दारांचं पाणी थांबलं. काचेचं आधीच थांबलं होतं. आता गळती राहिली फक्त वरची, तीही एकाच थेंबाची. एका वेळी एकच थेंब, पण जागा बदलणारा. मेणकापडावरून आम्ही मेण फिरवलं, लुकण फिरवलं, चाचानं एका सणाला मिळालेली कोरी चादर तेलात भिजवून वर ताणली. थेंब आलाच. कधी मागच्या आसनावर, कधी मधे. मी आईला म्हणालो, "एकच थेंब आहे, आई."

"एकच पुरते," आई म्हणाली.

श्रावण संपायच्या आतच, एका दुपारी, वहिनी जात्याजवळ भिंत धरून उभी राहिली. बाहेर धार लागलेली. सुईण आली, तिनं पाहिलं आणि बाहेर येऊन आईच्या कानाशी काहीतरी बोलली. दादा ओट्यावर त्याच जागी बसला, जिथे मागच्या वेळी बसला होता. मी आईसमोर जाऊन उभा राहिलो. मुद्दे सगळे होते, पण आईला ते सगळे माहीत होते.

आतून वहिनीचा आवाज आला. आईनं डोळे मिटले. मग म्हणाली, "चाचाले म्हना, मोटार काढा."

वहिनीला घोंगडीत गुंडाळून, वर दोन माणसांनी तट्ट्या धरून मोटारीपर्यंत आणलं. मागच्या आसनावर आडवी निजवली, डोकं सुईणीच्या मांडीवर. आई आत शिरली, पण बसली नाही. आसनांच्या मधे वाकून उभी राहिली, एक हात छताला लावून. मी पुढे चाचाशेजारी. दादा आत यायला तयारच होईना. तो बाहेरच्या पायरीवर उभा राहिला आणि आपली घोंगडी त्यानं छतावर पसरून दोन्ही हातांनी धरून ठेवली. चाचा ओरडला, "पडशील बे!" दादानं ऐकलं नाही.

गावाबाहेर पडल्यावर वाऱ्यानं घोंगडी अर्धी उलटली. दादानं ती पुन्हा ओढली, पुन्हा उलटली. चाचा बैलगाडीच्या चाकोरीत चाक घालून हळूहळू चालवत होता. मागे वळून बघायचं नाही, असं आईनं मला बजावलं होतं, पण समोरच्या आरशात दिसायचं ते दिसत होतं. थेंब पडत होते. आईचा तळवा छताच्या कापडाखाली उताणा होता. थेंब तिथून सरकला की तळवा सरकायचा. भरला की ती हात बाजूला नेऊन आपल्याच लुगड्यावर पालथा करायची आणि लगेच पुन्हा वर. एक हात दुखला की दुसरा. बारीक धार तिच्या कोपरावरून काखेत जात होती. वहिनी कळा देत होती आणि आई वर बघत होती, वहिनीकडे नव्हे, फक्त वर. तिच्या तोंडी कोणत्याही देवाचं नाव नव्हतं.

मेहकरच्या पुढे एका ओढ्याला पाणी होतं. चाचा थांबला. मी उतरून पाण्यात चालत गेलो, गुडघ्यापर्यंत होतं, हात वर करून त्याला ये म्हटलं. या सगळ्या प्रवासात माझ्याकडून घडलेलं काम तेवढंच. बाकी वेळ मी बसून होतो. मला राग येत होता आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. पत्रकात शत्रू समोर असतो. इथे एक कुजकी लाकडी पट्टी होती, एक रबर होतं जे कुठल्या तरी तोफगाडीच्या चाकाला गेलं होतं, आणि पाऊस होता.

चिखलीला पोचलो तेव्हा अंधारायला लागलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर नर्सबाई कंदील घेऊन आली. मोटारीचं दार उघडल्यावर आधी आई उतरली, डोक्यापासून निथळत, थंडीनं थरथरत. नर्सबाईनं तिचाच दंड धरला.

"चला, आत चला बाई."

"मी नोको माय, थे. माह्यी सून."

वहिनीला आत नेताना आईनं तिच्या घोंगडीवरून हात फिरवला, मानेखाली, पायाशी, पाठीखाली. कोरडी होती. सुईणही म्हणाली, कोरडी आहे. मग आई पायरीवर बसली. मोटारीच्या पायरीवरून उतरलेल्या दादाची बोटं घोंगडीच्या कडेवर आखडून तशीच राहिली होती. चाचा ती एकेक करून सोडवत होता.

मुलगी झाली. आईनं बघितली आणि "लेक हाये" म्हणाली, मग ताप आला आणि ती तिथेच व्हरांड्यात आडवी झाली. ताप उतरायला बरेच दिवस गेले. परतताना ओल्या बाळंतिणीला पावसात मोटारीत घालणार नाही, हे तिनं तापातही सांगितलं, तेव्हा वहिनी चिखलीलाच एका ओळखीच्या घरी राहिली. पाऊस गेल्यावर मायलेकी मोटारीतून घरी आल्या. मोटारीच्या तळाच्या फटींत अजून राख होती. ती पोरीच्या अंगड्याला लागली.

आता मला वाटलं, गाव बघेल आणि येईल. याहून मोठा पुरावा काय हवा? बायका आल्याही. आमच्या ओसरीवर बसल्या, पोरीला मांडीवर घेतलं आणि आईला विचारलं, मोटार कशी आहे.

आई म्हणाली, "गळते."

त्या गेल्यावर मी भडकलो. "काऊन सांगितलं? पोर जिवंत आहे, वहिनी जिवंत आहे, हे सांगायचं सोडून!"

"मंग काय लपवू? त्यायच्या सुना हायेत."

पुढच्या पत्रकात पहिली ओळ कशी लिहावी हे मला समजेना. वकीलसाहेबांनी विचारलं, "पाणी लागणार नाही, हे ठेवायचं का?" मी ते खोडलं. त्या जागी काय लिहायचं? थोडं लागेल? कोण पाठवेल मग आपली सून? रबर अजून येत नव्हतं. छताच्या पट्ट्या बदलणारा सुतार खामगावला होता, पण कापसाच्या हंगामात त्याला सवड नव्हती, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात करू म्हणालो, आणि पुढच्या उन्हाळ्यात सागाचं लाकूडही लढाईला गेलेलं.

दुसरा पावसाळा आला. गावातल्या एका घरची सून अडली. तिची सासू भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन आमच्याकडे आली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. ती आईसमोर उभी राहिली.

"मोटारीत न्यायले सांगून राह्यली सुईण. नेईन मी. पन तू येतं का? वरतून हात धरायले?"

गेल्या वर्षीच्या तापापासून आईचा उजवा खांदा वर जात नव्हता. मला वाटलं, मी म्हणतो, मी धरतो हात. मी उठलोसुद्धा. त्या सासूनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा बसलो. अडलेल्या बाईच्या अंगावर ओणवा उभा राहणारा पुरुष कोण चालवून घेईल?

आईनं चुलीतली लाकडं मागे ओढली. डाव्या हातावर तिनं जुन्या लुगड्याचं एक फडकं गुंडाळून घेतलं, पाणी टिपायला. ते बांधायला तिला एक हात पुरेना, तेव्हा वहिनीनं पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि गाठ मारून दिली. बाहेर चाचा मोटार चालू करत होता.